लॉग कन्सोलवर रंगीत झाला, पण फाइलमध्ये कचरा येतोय (पायथन)

गोठ्यातला_पायथन

नमस्कार मंडळी. मोबाइलवरून लिहितोय त्यामुळे कोड चिकटवत नाही, शब्दांतच सांगतो, समजून घ्या.

आमच्या गावाकडच्या एका दूध संस्थेसाठी मी पायथनमध्ये छोटं ॲप लिहिलंय. एका कॉम पोर्टला वजनकाटा, दुसऱ्याला फॅट मशीन, दोन्हीकडून आकडे वाचायचे, ऑपरेटरनं सभासद नंबर टाकला की नोंद होते आणि पावती निघते. स्क्रीनवर साधी काळी खिडकी, त्यात लॉग, म्हणजे ॲप काय करतंय त्याच्या ओळी, पळत असतो, एवढंच. मागच्या महिन्यात सकाळच्या पाळीला फॅट मशीनची वायर ढिली झाली. ॲपनं इमानदारीत वॉर्निंग लिहिली की मशीनकडून उत्तर नाही, आधीचं रीडिंग वापरतोय, पण ती ओळ बाकीच्या पन्नास ओळींसारखीच पांढरी, आणि रांगेत तीस माणसं किटल्या घेऊन उभी, कोण वाचतंय. अकरा जणांना ओळीनं ६.४ फॅट लागली. त्यात दोघांचं गायीचं दूध. गायीला ६.४! दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा ते दोघे गप्प आणि बाकीचे नऊ जण सचिवांच्या दारात.

म्हणून म्हटलं लॉगला रंग देऊ, एरर लाल, वॉर्निंग पिवळी. फॉर्मॅटरचा (लॉगची ओळ कशी दिसावी ते ठरवणारा भाग) एक सबक्लास केला, त्याच्या फॉर्मॅट फंक्शनमध्ये रेकॉर्डच्या (एका नोंदीच्या) लेव्हलनेमच्या, म्हणजे एरर, वॉर्निंग या शब्दाच्या, आधी लालचा कोड आणि नंतर रीसेटचा कोड जोडला आणि मग मूळ फॉर्मॅट बोलावला. कन्सोलवर झकास दिसतंय. पण फाइलला दुसरा हँडलर (ओळ कुठं लिहायची ते सांभाळणारा) आहे, त्याला साधा फॉर्मॅटर लावलाय, रंगाचा काहीही संबंध नाही, तरी फाइल नोटपॅडमध्ये उघडली की एरर शब्दाच्या आधी एक चौकोन, मग कंस, ३१, एम, आणि शब्दानंतर परत कंस, शून्य, एम. रोज रात्री एक स्क्रिप्ट ही फाइल वाचून एरर मोजते, ती आता शून्य एरर सांगतेय, म्हणजे सगळं उत्तम चाललंय असं!!

डोकं फिरवणारी गोष्ट ही की माझ्या लॅपटॉपवर हाच क्लास दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये वापरलाय आणि तिथली फाइल एकदम स्वच्छ आहे. कॉपी पेस्टच केलाय, एक अक्षर बदललेलं नाही.

आणि दुसरं, लेव्हलच्या कॉलमला आठ अक्षरांची रुंदी दिली होती, रंग दिल्यापासून ते कॉलमपण वेडेवाकडे झालेत.

रात्रपाळी

लॅपटॉपवरच्या प्रोजेक्टमध्ये फाइलचा हँडलर आधी जोडलाय आणि कन्सोलचा नंतर. बरोबर का? आणि इथं उलटं. न बघता पैज लावतो.

होतं असं की तू लॉगरला एकदा एरर म्हणालास की एकच रेकॉर्ड ऑब्जेक्ट तयार होतो आणि तोच सगळ्या हँडलर्सकडे, ज्या क्रमानं जोडले त्या क्रमानं, फिरतो. प्रत्येकाला वेगळी प्रत मिळत नाही. लग्नाच्या पंगतीत एकच वाढपी सगळ्या ओळींतून जातो तसं. तुझ्या कन्सोलच्या फॉर्मॅटरनं त्या रेकॉर्डच्या लेव्हलनेमलाच रंग फासला आणि तसाच रंगलेला तो पुढं फाइलच्या हँडलरकडे गेला. फाइलवाला बिचारा साधाच आहे, त्याच्या हातात जे आलं ते त्यानं लिहिलं. लॅपटॉपवर फाइलवाल्याची पाळी आधी येते म्हणून तिथं स्वच्छ, म्हणजे तिथंपण बग आहेच, फक्त झाकला गेलाय.

उपाय: सबक्लासच्या फॉर्मॅटमध्ये पहिल्या ओळीत रेकॉर्डची प्रत काढ, कॉपी मॉड्यूलमधलं साधं कॉपी पुरतं, डीप कॉपी नको. मग रंग त्या प्रतीला दे आणि मूळ फॉर्मॅटला प्रतच पाठव. नाहीतर त्याहून सोपं, आधी मूळ फॉर्मॅटकडून अख्खी ओळ तयार करून घे आणि त्या तयार स्ट्रिंगच्या पुढं रंग, मागं रीसेट लावून परत कर. रेकॉर्डला हातच लावायचा नाही.

आता यात एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलोय. एक्सेप्शनचा ट्रेसबॅक (चूक कोडमध्ये कुठं झाली त्याचा माग) फॉर्मॅटर एकदाच तयार करतो आणि रेकॉर्डवरच एक्स्क-टेक्स्ट नावाच्या जागेत ठेवून देतो, पुढच्या हँडलरला परत मेहनत नको म्हणून. तू उद्या हौसेनं ट्रेसबॅकलापण वेगळा रंग द्यायला फॉर्मॅट-एक्सेप्शन ओव्हरराइड केलंस तर तो रंगीत ट्रेसबॅक असाच साठवला जाईल आणि फाइलमध्ये पोचेल, लेव्हलनेम स्वच्छ असलं तरी. मी दोन रात्री शोधत होतो. प्रत काढली असेल तर ती साठवणूकपण प्रतीवरच होते, म्हणून मी तरी प्रतवाल्या पद्धतीच्याच बाजूनं आहे.

कॉलमचं कारण सोपंय. लालचा कोड म्हणजे एस्केप (२७ नंबरचं खास अक्षर), कंस, ३, १, एम अशी पाच अक्षरं, रीसेटची चार, म्हणजे नऊ झाली. एररची स्वतःची पाच धरून चौदा. तू आठची रुंदी मागितलीस, पायथन म्हणतं इथं तर चौदा आहेत, भरायला जागाच नाही. टर्मिनल ती नऊ अक्षरं गिळतो पण मोजताना ती मोजली गेलेलीच असतात. तेव्हा आधी आठपर्यंत स्पेस भर आणि मग रंग लाव.

तिरकस

रंगाचं राहू दे. "उत्तर नाही, आधीचं रीडिंग वापरतोय" हे कुणी लिहिलं?

गोठ्यातला_पायथन

@तिरकस मीच लिहिलं होतं भाऊ 🙈 सुरुवातीला मशीन अधूनमधून एखादं रीडिंग गाळायचं, तेव्हा रांग थांबू नये म्हणून तात्पुरतं टाकलं होतं. ते काढलंय आता, उत्तर आलं नाही तर नोंदच होत नाही. पण नोंद का होत नाहीये हे ऑपरेटरला कळायला तर पाहिजे, म्हणून रंग.

@रात्रपाळी पैज जिंकलात. क्रम उलटाच निघाला. प्रत काढून बघतो आज.

जुनाटर्मिनल

वर कुणीतरी ३१ चा उल्लेख केलाय म्हणून थोडं अवांतर, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढं जावं.

हे ३१, ३२ कुठून आले ते एकदा कळलं की पाठ करावं लागत नाही. ३० हा पाया धरा. त्यात लालसाठी १, हिरव्यासाठी २ आणि निळ्यासाठी ४ मिळवायचे. म्हणून ३१ लाल, ३२ हिरवा, लाल आणि हिरवा प्रकाश मिळून पिवळा म्हणून १ आणि २ मिळून ३३. लाल अधिक निळा ३५ म्हणजे जांभळट, हिरवा अधिक निळा ३६, सगळे मिळून ३७ पांढरा, काहीच नाही तो ३० काळा. तीन बिट, आठ रंग. ४० पासून तेच रंग मागच्या पार्श्वभूमीला, आणि ९० पासून तेच भडक, हे ९० वालं नंतर टर्मिनलवाल्यांनी आपापलं जोडलेलं आहे. यामागचं एक्मा-४८ हे एस्केप कोडचं स्टँडर्ड पहिल्यांदा १९७६ साली आलं, आणि ज्या व्हीटी-१०० टर्मिनलमुळं हे एस्केप कोड घरोघरी गेले तो डेक कंपनीचा १९७८ चा, आणि मजा बघा, तो होता एकरंगी! आज आपण ज्याच्या नावानं रंगीत लॉग छापतो त्याला स्वतःला रंग दाखवता येत नव्हता.

एक किस्सा. आमच्याकडे एका पोरानं लेव्हलचा नंबरच रंगाचा नंबर म्हणून दिला होता, डोकं चालवून. पायथनमध्ये वॉर्निंग म्हणजे ३०, एरर ४०. आता ३० म्हणजे काळी अक्षरं आणि ४० म्हणजे काळी पार्श्वभूमी. काळ्या पडद्यावर त्याच्या एररमध्ये काही फरक पडेना आणि वॉर्निंग तर गायबच, त्यामुळं साहेबांना वाटलं रिलीज फार स्वच्छ झालाय. दोन आठवडे कौतुक चाललं होतं त्याचं.

निळीशाई

मी रोज हेच बघते (सपोर्ट टीममध्ये आहे) म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूनं दोन शब्द.

डीबगच्या ओळी फिकट राखाडी करायची फॅशन आहे, म्हणजे ९० नंबर. सोलराइज्ड नावाची थीम बऱ्याच लोकांकडे असते, तिच्या डार्क प्रकारात हा ९० नंबरचा रंग आणि पार्श्वभूमी एकच आहे. म्हणजे ओळ छापली जाते पण दिसत नाही, माउसनं सिलेक्ट केली तरच दिसते. मला एका डेव्हलपरनं "लॉगमध्ये सगळं स्पष्ट लिहिलंय ताई, तुम्ही वाचत नाही" असं ऐकवलं होतं, तेव्हा मी त्याला स्क्रीन शेअर करून रिकामी ओळ दाखवली. पांढऱ्या पडद्यावर पिवळ्याची तीच गत. आणि काळ्यावर गडद निळा तर विंडोजच्या जुन्या कन्सोलवर वाचताच यायचा नाही, २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कन्सोलचे मूळ रंगच बदलले त्याचं एक कारण हेच होतं. त्यामुळं नेहमीच्या माहितीच्या ओळींना काही म्हणजे काही रंग देऊ नका, टर्मिनलचा जो असेल तो राहू दे. फक्त वॉर्निंग आणि एरर रंगवा. सगळंच रंगवलं की जत्रा होते आणि लाल त्या जत्रेत हरवतं.

दुसरं, ऑपरेटरला लाल-हिरव्यातला फरक दिसतो का हे विचारलंय का? हसू नका, पुरुषांमध्ये हे बऱ्यापैकी असतं आणि कित्येकांना स्वतःलाच माहीत नसतं. यशस्वी नोंद हिरवी आणि फसलेली लाल अशी जोडी केली तर अशा माणसाला दोन्ही ओळी एकाच मळकट रंगाच्या दिसू शकतात. एररच्या ओळीला रंगाबरोबर काहीतरी आकारानं वेगळं द्या, सुरुवातीला तीन उद्गारचिन्हं द्या, किंवा अक्षरांऐवजी मागची पट्टीच लाल करा, ४१ वर पांढरी अक्षरं, ती लांबून पट्टी म्हणून तरी दिसते.

आणि खरं सांगू का, पहाटे साडेपाचला तो माणूस स्क्रीनकडे बघतच नसणार, तो किटलीकडे आणि काट्याकडे बघत असणार. आवाज द्या. ७ नंबरचं अक्षर छापलं की टर्मिनल घंटी वाजवतो, तेही त्याच जुन्या काळातलं.

रात्रपाळी

घंटीला +१, सुचलंच नव्हतं. पण तीपण कन्सोलच्या फॉर्मॅटरमध्येच टाक, मेसेजमध्ये नको, नाहीतर फाइलमध्ये ७ नंबरची अक्षरं साठतील आणि कुणी ती फाइल टर्मिनलवर कॅट केली (छापून बघितली) की अख्खं ऑफिस वाजेल.

आणि हो, रंग देण्याआधी इज-ए-टी-टी-वाय विचार. म्हणजे समोर खरंच पडदा आहे की आउटपुट कुठं फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये वळवलंय. पडदा नसेल तर साधा फॉर्मॅटर. दोन बारीक गोष्टी: लॉगिंगचा स्ट्रीम हँडलर मुळात स्टँडर्ड एररवर (चुका छापायच्या वेगळ्या मार्गावर) लिहितो, त्यामुळं विचारायचं तेही स्टँडर्ड एररलाच, लोक सवयीनं स्टँडर्ड आउटला विचारतात आणि मग उत्तर चुकतं. आणि ॲप पायथन-डब्ल्यूनं, खिडकीशिवाय चालू केलं तर स्टँडर्ड एरर चक्क नन (काहीच नाही) असतो, तेव्हा आधी तो आहे का बघ.

नो-कलर नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पण मान (मधे अंडरस्कोर, सगळी कॅपिटल). २०१७ पासूनचा अनौपचारिक नियम आहे, ते सेट असेल आणि रिकामं नसेल तर मुकाट्यानं रंग बंद. पायथन ३.१३ पासून तर इंटरप्रिटर स्वतःच ट्रेसबॅक रंगवतो आणि तोही हे व्हेरिएबल पाळतो. उलट्या बाजूला फोर्स-कलर, गिटहब ॲक्शन्ससारख्या ठिकाणी ते उपयोगी पडतं, तिथं पडदा नसतो पण वेबपेजवर रंग दिसतात.

भगवा_सेमीकोलन

एवढं रामायण कशाला राव? कलरलॉग नावाचं तयार पॅकेज इन्स्टॉल करा, चार ओळीत काम होतं. किंवा रिच पॅकेजचा हँडलर लावा, ट्रेसबॅकपण सुंदर दिसतो, टेबलं बिबलं सगळं. तयार चाक असताना नवीन कशाला घडवायचं.

तिरकस

गावातल्या पीसीवर ज्यात इंटरनेट कधी असतं कधी नसतं, तिथं वीस ओळींच्या कामासाठी पॅकेज.

रंगाच्या पॅकेजांचा इतिहास माहितीये ना? जानेवारी २०२२ मध्ये नोडच्या (जावास्क्रिप्टवाल्यांच्या) कलर्स नावाच्या पॅकेजमध्ये ते सांभाळणाऱ्यानंच मुद्दाम न संपणारा लूप टाकला, जगभरातल्या कन्सोलवर चित्रविचित्र अक्षरांचा पूर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक हे रंगाचंच पॅकेज आणि त्याच्यासोबत डझनभर पॅकेजेस, सांभाळणाऱ्याला फसवा ईमेल पाठवून त्याचं खातं मिळवलं आणि क्रिप्टोचे पत्ते बदलणारा कोड घुसवला. अक्षर लाल करायला. नोडनं आता स्टाइल-टेक्स्ट हे रंगाचं फंक्शन स्वतःच्या युटिल मॉड्यूलमध्येच दिलंय, २०.१२ पासून.

भगवा_सेमीकोलन

ते नोडचं झालं, हा पायथनचा धागा आहे. आणि व्हर्जन पिन (एकच पक्की) करून ठेवली तर काय होतंय. बाकी चालू द्या.

गोठ्यातला_पायथन

आज केंद्रावर जाऊन आलो. चांगली बातमी: प्रत काढली, फाइल एकदम स्वच्छ, रात्रीच्या स्क्रिप्टनं परत एरर मोजायला सुरुवात केली. कॉलमपण सरळ.

वाईट बातमी: केंद्रावरचा पीसी विंडोज ७ आहे. मला वाटलं होतं १० आहे, कारण कुणीतरी वॉलपेपर १० चा लावलाय 😐 त्यामुळं आता कन्सोलवरच कचरा, प्रत्येक एररच्या आधी डावीकडे तोंड केलेला बाण, कंस, ३१, एम. नवीन पीसी मागितला तर सचिव म्हणाले आधी बल्क कूलरचं बघू.

मग मी नेटवर वाचून थेट विंडोजचं सेट-कन्सोल-टेक्स्ट-ॲट्रिब्यूट हे रंगाचं फंक्शन बोलावलं, पायथनच्या सीटाइप्समधून. तीसचा पाया काढून टाकला आणि लालसाठी १ दिला, पिवळ्यासाठी ३. आणि एरर निळी आली! वॉर्निंग मोरपिशी. मी मॉनिटरची केबल काढून परत लावली, म्हटलं पिन सैल असेल, हे दूध संस्थेत सगळंच सैल असतं.

जुनाटर्मिनल

😂😂 केबल ठीक आहे तुमची. विंडोजनं तेच तीन बिट उलट्या बाजूनं लावलेत. त्यांच्याकडे निळा १, हिरवा २, लाल ४. त्यामुळं तुमचा १ निळा झाला आणि ३ म्हणजे निळा अधिक हिरवा. लालसाठी ४ द्या, पिवळ्यासाठी ६, आणि भडक हवा असेल तर ८ मिळवा म्हणजे लाल १२. हिरवा मधला असल्यामुळं दोन्हीकडे २ च, म्हणून लोक हिरव्यानं टेस्ट करतात, चालतंय म्हणतात, आणि घरी जातात.

एस्केप कोड समजण्याची सोय विंडोजच्या कन्सोलमध्ये २०१५ च्या शेवटी आली, विंडोज १० च्या १५११ अपडेटमध्ये. त्याआधी तुम्ही म्हणता तो बाणच दिसणार, २७ नंबरच्या अक्षराचं जुन्या पीसीच्या फाँटमधलं चित्र तो आहे. आणि १० वरसुद्धा प्रोग्रॅमनं कन्सोलचा मोड बदलून सोय चालू करावी लागते, पायथनमध्ये ओएस डॉट सिस्टिमला रिकामी स्ट्रिंग दिली तरी ती चालू होते. असं का होतं ते विचारू नका, कुणीतरी दार उघडं ठेवून गेलंय एवढंच.

रात्रपाळी

सीटाइप्स नको रे बाबा. इथं मात्र मी भगवा_सेमीकोलनच्या बाजूनं, कलरामा नावाचं पॅकेज टाक, विंडोज ७ साठी ते बरोबर काम करतं, तुझे एस्केप कोड मधेच पकडून विंडोजच्या फंक्शनमध्ये बदलून देतं. तुझा फॉर्मॅटर आहे तसाच राहील, घरच्या लिनक्सवरही आणि तिथंही. पेन ड्राइव्हवरून त्याची व्हील (इन्स्टॉल करायची) फाइल ने, नेट लागत नाही. विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढं जाता येत नाही हे माहीत असेलच.

पण क्रम सांभाळ! कलरामाचं जस्ट-फिक्स-विंडोज-कन्सोल हे हँडलर बनवण्याच्या आधी बोलवायचं. स्ट्रीम हँडलर जन्मताना जो स्टँडर्ड एरर दिसेल तो धरून बसतो. कलरामा नंतर येऊन नवीन वेष्टनातला स्टँडर्ड एरर ठेवतो पण हँडलरच्या हातात जुनाच असतो. मग प्रिंट केलेलं रंगीत दिसतं आणि लॉगमध्ये बाण, आणि माणूस कलरामाला शिव्या घालतो. तुझा या धाग्यातला हा दुसरा क्रमाचा बग होऊ देऊ नकोस.

गोठ्यातला_पायथन

झाला होता 😄 तुमची पोस्ट वाचायच्या आधी तासभर तेच चाललं होतं. आता वर नेलं, चाललं.

अजून एक. टेस्ट करताना सभासदाचं नाव लॉगमध्ये टाकलं, मराठीत, तर ती ओळ फाइलमध्ये येतच नाही. ॲप पडत नाही, कन्सोलवर 'लॉगिंग एरर' म्हणून मोठा ट्रेसबॅक येतो, शेवटी युनिकोड एनकोड एरर, आणि ॲप पुढं चालू. आणि कन्सोलवर नावाच्या जागी डबे डबे.

रात्रपाळी

फाइल हँडलर बनवताना एनकोडिंग युटीएफ-८ दे. दिलं नाहीस तर विंडोजवर तो सिस्टिमचं जुनं कोडपेज घेतो आणि त्यात देवनागरी बसतच नाही. लॉगिंग मुद्दाम असं बनवलंय की लिहिताना काही फसलं तरी ॲपला पाडायचं नाही, फक्त ओरडायचं, म्हणून ओळ गेली पण ॲप जिवंत. डब्यांचं मात्र त्या जुन्या कन्सोलवर काही होणार नाही, देवनागरी नीट जुळवून दाखवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, काना मात्रा वेलांटी सगळं सुटं पडतं.

निळीशाई

नाव कशाला छापता पण? सभासद नंबर छापा. त्या ऑपरेटरला नंबर तोंडपाठ असतात, आमच्या गावी तर संस्थेतली माणसं लग्नपत्रिकेवरपण नंबर लिहून ठेवतात. आणि नाव छापलं तर कॉलम कधीच सरळ येणार नाही, "कि" हे पायथनला दोन अक्षरं वाटतं आणि पडद्यावर जागा एकाची, आठची रुंदी देऊन काही उपयोग नाही.

गोठ्यातला_पायथन

अपडेट द्यायला आलोय, चार दिवस झाले.

नंबरच छापतोय. एररची लाल पट्टी, पुढं तीन उद्गारचिन्हं, सोबत घंटी. त्या पीसीला स्पीकरच नव्हते, सचिवांच्या घरून जुने आणले, त्यातला एक चालतो. परवा सकाळी मी मुद्दाम फॅट मशीनची वायर उपसून बघितली, घंटी वाजली, ऑपरेटर काकांनी मान वर केली, लाल पट्टी बघितली आणि सरळ जाऊन वायर खोचली. चाळीस सेकंद. एका बाईंनी विचारलं काय वाजलं, तर म्हणाले "मशीन रुसलं होतं".

पण काल गेलो तर काकांनी मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं कागद लावलाय, पेननं लिहिलंय: लाल म्हणजे फॅट मशीन, पिवळा म्हणजे काटा. मी त्यांना म्हणालो काका तसं नाही, लाल म्हणजे एरर, पिवळा म्हणजे वॉर्निंग. तर मला म्हणाले, म्हणजे काय? आणि मला धड सांगता येईना. घरी येऊन लॉग तपासला तर महिन्याभरात फॅट मशीनकडून आलेलं सगळं एररच आहे आणि काट्याकडून 'वजन स्थिर नाही' ही एकच वॉर्निंग, म्हणजे त्यांचा कागद शंभर टक्के बरोबर आहे, चूक माझीच. पण उद्या काट्याची वायर निघाली तर ती एरर म्हणून लाल येणार आणि काका जाऊन फॅट मशीन हलवत बसणार. आता विचार करतोय लेव्हलप्रमाणे रंग सोडूनच द्यावेत आणि लॉगरच्या नावाप्रमाणे द्यावेत, काटा पिवळा, मशीन लाल. दोघांचे लॉगर तसेही वेगळेच आहेत, फॉर्मॅटरमध्ये दोन ओळींचा फरक. का हे फार विचित्र होईल?

तिरकस

दे. आणि कागद काढू नकोस.